पॉपचे आठ फूट

“रंगात तेल फार झालंय,” खालून आवाज आला. “खांब रंगवतोयस की आंघोळ घालतोयस?”

मी शिडीवरून खाली पाहिलं. पॉप ब्लाहा काखेत घडीची खुर्ची मारून उभे होते. शहाऐंशी वर्षांचा ताठ म्हातारा, अंगात ऑक्टोबरच्या थंडीला न जुमानणारा पातळ कोट आणि कोटाच्या वरच्या खिशातून डोकावणारी मधोमध दुमडलेली लाकडी पट्टी. ती पट्टी खिशात नसलेले पॉप विल्कॉट गावात कुणी पाहिले नव्हते.

“दुसरा हात मारणार आहे, पॉप.”

“मार, मार. परवाचा दिवस निघाला म्हणजे झालं. त्यानंतर या गोलाकडे बघणार कोण आहे?”

१९८७ सालची गोष्ट आहे. मी सव्वीस वर्षांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होतो, म्हणजे वाळूत ज्याचा ठसा उठवून त्यात लोखंड ओततात तो लाकडी नमुना घडवणारा सुतार. आमच्या मालकांनी मला मोठे पॅटर्न कसे करतात ते शिकायला दहा महिन्यांसाठी ओहायोतल्या या गावी, तिथल्या फाउंड्रीत धाडलं होतं. मी पोचलो आणि सहाव्या महिन्यात फाउंड्री बंद होणार असल्याची नोटीस लागली. ‘सर्जेराव गेला तिथं कुलूप लागलं,’ असं आमच्या घरी आजही म्हणतात.

फाउंड्रीबरोबर क्लबही बंद होणार होता. विल्कॉट रोव्हर्स. एकवीस वर्षांपूर्वी फाउंड्रीतल्या कामगारांनी काढलेला, कुठल्याशा तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये खेळणारा, आपल्या पायावरच्या फुटबॉलचा क्लब. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे बॉल छातीशी धरून पळायचा खेळ. आपला फुटबॉल खेळणारे हे गावाच्या लेखी जरा सुटलेलेच लोक. मला मात्र पहिल्याच आठवड्यात फाउंड्रीच्या भिंतीला लागून गोलपोस्ट दिसले आणि परदेशात आल्याचं दुःख निम्मं झालं. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्याला आणखी काय पाहिजे? आमच्याकडे तालमीत सकाळी कुस्ती आणि संध्याकाळी फुटबॉल. माझा गुडघा गेला होता म्हणून खेळता येत नव्हतं, पण मैदानाची कामं मी मागून घेतली. रेषा मारायच्या, जाळ्या बांधायच्या, रंग द्यायचा. सर्जेराव हे नाव तिथल्या जिभांना पेलेना, म्हणून मी ‘सर्ज’ झालो.

आणि परवा, शनिवारी, शेवटचा सामना होता. एक ठराव झाला होता. सामना संपल्यावर गोलसंख्येच्या पत्र्याच्या फळ्यावरचे आकडे उतरवायचे नाहीत. तसेच ठेवून मैदानाला कुलूप घालायचं.

पॉपनी गोलामागे आपली ठरलेली जागा बघून खुर्ची मांडली. त्या जागी गवत उगवत नसे.

“हे गोल तुम्हीच केलेत ना?” मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, पण म्हाताऱ्या कारागिराला ते विचारायचं असतं.

“दोन्ही. पाइप कापले मी, मापं घेतली मी. उंची आठ फूट, रुंदी चोवीस. लीगचा माणूस तपासायला आला होता. म्हणाला, मिस्टर ब्लाहा, टेप गाडीत राहिला. मी म्हटलं, ही घे.” त्यांनी खिशावर थाप मारली. “माझ्याच पट्टीनं मोजलं त्यानं. बरोब्बर आठ! केसाचा फरक नाही. त्यानंतर कुणी मोजायचे कष्ट घेतले नाहीत.”

“मिलान म्हणतो, पॅटर्न शॉपमध्येही तुमचं माप कुणी तपासत नसे.”

मिलानचं नाव निघालं आणि म्हाताऱ्याचा चेहरा पडला. मिलान हुडाक हा आमच्या पॅटर्न शॉपचा प्रमुख, माझा साहेब आणि रोव्हर्सचा गोलकीपर. अठराव्या वर्षी तो पॉपच्या हाताखाली शिकायला लागला, एकोणिसाव्या वर्षी या गोलात उभा राहिला आणि आता अडतिसाव्या वर्षीही तोच उभा होता.

“माझा पोरगाच तो,” पॉप म्हणाले. “हात सोन्याचे. दुसऱ्यांच्या मैदानावर खेळताना बघ, नुसती भिंत! आणि घरी आला की चाळणी. बॉल येतो तो बरोबर बारच्या खालून, बोटांच्या वरून आत. दोन इंच, सर्ज. दोन इंच कमी पडतो. उडी उशिरा मारतो तो घरी. बारा वर्षं सांगतोय मी त्याला.”

“बाराच का?”

“पंचाहत्तर साली मोठ्या लीगचा माणूस आला होता त्याला बघायला. न्यू यॉर्कहून. इथेच, माझ्या शेजारी बसला होता. सगळा सामना मिलाननं एकट्यानं तोलून धरला. शेवटची दोन मिनिटं उरली आणि लांबून एक बॉल आला, बारच्या खालून आत. त्या माणसानं वही मिटली. म्हणाला, चांगला आहे, पण वरचे बॉल पोचत नाहीत. गेला.” पॉपनी आडव्या बारकडे हात केला. “शनिवारी तरी पाहुण्यांच्या नावाखाली शून्य राहू दे, एवढंच मागतोय तो. तेवढं तरी मिळावं त्याला.”

ते गेल्यावर मी नवी जाळी अंथरली. वरची दोरी किती कापायची ते बघायला खिशातला टेप काढला, शिडीवर चढलो आणि बारपासून खाली सोडला. आठ फूट दोन इंच.

जमीन खचली असेल, म्हटलं. दुसऱ्या खांबाशी मोजलं. आठ फूट दोन. मग आडवं मोजलं. चोवीस फूट सहा इंच. मैदान ओलांडून पलीकडच्या गोलाशी धावत गेलो, गुडघ्याची पर्वा न करता. आठ फूट दोन, चोवीस फूट सहा.

मी गवतावर बसलो. दुसऱ्या कुणाला हे आकडे बघून काही कळलं नसतं. पॅटर्न मेकरला मात्र ते शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सोपं होतं. ओतलेला धातू निवताना आकसतो. म्हणून आम्ही लाकडी नमुना त्या हिशेबानं थोडा मोठा करतो, आणि दर वेळी डोकं चालवायला नको म्हणून आमच्या पट्ट्याच वाढीव असतात. त्यांवरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा. दिसायला साध्या पट्टीसारखीच पट्टी, फक्त कडेला एक बारीक शिक्का. पोलादासाठीच्या पट्टीत फुटामागे पाव इंच वाढ. आठ फुटांना दोन इंच. चोवीस फुटांना सहा.

पॉपनी ज्या दिवशी गोल केले, त्या दिवशी त्यांच्या खिशात पोलादाच्या कामाची वाढीव पट्टी होती. नंतर तीच त्यांनी जन्मभर जपली. वापरून वापरून शिक्का कधीच पुसला असणार, आणि जवळचं वाचायला त्यांचे डोळे आता चालत नव्हते. एकवीस वर्षं या मैदानावर सगळे जण पोलादाच्या मापानं फुटबॉल खेळत होते. पाहुणा गोलकीपर वर्षातून एकदा येऊन त्या मोठ्या गोलात उभा राहायचा आणि निघून जायचा. मिलान मात्र दर पंधरवड्याला तिथेच उभा. न्यू यॉर्कच्या माणसासमोर आत गेलेला तो बॉल खऱ्या गोलात बारवर आपटला असता!

मी त्या दिवशी जेवलो नाही. इतकी मोठी गोष्ट पोटात घेऊन फिरायची सवय नव्हती.

शुक्रवारी पॅटर्न शॉपमध्ये मिलान आणि मी दोघेच उरलो होतो. बाकीच्यांनी आपापल्या पेट्या नेल्या होत्या. मिलान एक जुना पंपाचा पॅटर्न पुसून कापडात गुंडाळत होता. पुढच्या आठवड्यात तो भंगारात जाणार होता, तरी गुंडाळत होता.

“मिलान,” मी म्हणालो, “उद्या शून्य राहिलं तर काय करशील?”

“घरी जाईन. झोपेन. सोमवारी नोकरी शोधेन.” तो हसला. मग हात थांबवून म्हणाला, “राहिलं तर मात्र बरं वाटेल हं. माझी मुलगी म्हणते, तो फळा तसाच राहणार, बाबा. लोक रस्त्यावरून जाताना बघणार. मग मनात आलं, की त्यात आपलं एक शून्य असावं.”

सगळं जिभेवर आलं होतं. पण आमच्या तालमीत एक शिस्त होती. सामन्याच्या तोंडावर गोलकीपरच्या डोक्यात काही घालायचं नाही. आमचे वस्ताद म्हणायचे, “गोलात हुबारलेल्या गड्याला ‘जेवलास का’ म्हणूनसुदीक इचारायचं न्हाई. तो त्याचाच इचार करत बसतोय, लेको.” मी गप्प बसलो. सांगायचं नाही, पण करायला काय हरकत आहे, असं मात्र माझ्या मनानं घेतलं. चोवीस फूट सहा इंचांची रुंदी कमी करणं माझ्या हातात नव्हतं. उंची होती.

खांबांच्या तळाला लोखंडी थाळ्या होत्या. त्या काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टनं बसवलेल्या, आणि मध्ये उंची साधायला ओकच्या इंचभर जाडीच्या फळ्या, एकावर एक. वर गवताचा थर. शनिवारी उजाडताच मी फाउंड्रीतला जॅक घेऊन गेलो. नट सैल केले, खांब उचलला, दोन फळ्या ओढून काढल्या, खांब खाली घेतला. मग दुसरा खांब. एका गोलाचं काम होईतो नऊ वाजले आणि माणसं यायला लागली. मी फाउंड्रीच्या बाजूचाच गोल निवडला होता. एकोणीस वर्षं मिलानचा एक रिवाज होता. नाणेफेक जिंकली तर हक्कानं, हरली तर समोरच्या कप्तानाला विनवून, उत्तरार्धात तो याच गोलात उभा राहायचा, कारण पॉप त्यामागे बसायचे. पूर्वार्धात पाहुण्यांचा गोलकीपर त्याच गोलात असणार, म्हणजे अन्यायही कुणावर नव्हता. मी टेप लावला. आठ फूट. स्वतःवर मी जाम खूश झालो.

सामन्याला सारं गाव लोटलं. ज्यांनी एकवीस वर्षांत क्लबकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तेही आले. मेल्यावर नातेवाईक वाढतात, तसंच. समोर ग्रॅनबीचा संघ होता, लीगमध्ये वरचा. पूर्वार्धात आमच्या एका वेल्डरनं कॉर्नरवरून आलेला बॉल डोक्यानं आत घातला आणि फळ्यावर आमच्या नावाखाली एक चढला. त्यांच्या नावाखाली शून्य.

मध्यंतरानंतर मिलान आमच्या गोलाकडे आला. मी पॉपच्या खुर्चीशेजारी उभा होतो. मिलानची एक सवय होती. गोलात आला की एक लहानशी उडी मारून उजव्या हाताची बोटं बारला लावायची. देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो, तशी. त्यानं उडी मारली. बोटांऐवजी अख्खा तळवा बारला लागला.

तो खाली आला आणि तसाच उभा राहिला. मग पुन्हा उडी मारली. पुन्हा तळवा. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हळूच हसलो. तो हसला नाही. खाली मान घालून त्यानं गवतात बूट घासले, हातमोजे आवळले आणि शिट्टी झाली.

त्या पंचेचाळीस मिनिटांत मी जे पाहिलं ते पुन्हा आयुष्यात पाहिलं नाही. ग्रॅनबीनं हल्ल्यामागून हल्ला चढवला. मिलान डावीकडे झेपावला, उजवीकडे लोळला, एकदा तर समोरच्याच्या पायातून बॉल उचलला. वय अडतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मी कोल्हापुरात मोठमोठे गोलकीपर पाहिले आहेत, पण हा माणूस त्या दिवशी काही वेगळंच करत होता. अंगावर काटा आला होता माझ्या.

आणि शेवटची चार मिनिटं असताना तो बॉल आला. तीस यार्डांवरून, उंच, मग एकदम खाली वळणारा. मिलाननं उडी घेतली. पूर्ण ताणलेला हात, बोटांच्या वरून बॉल गेला आणि ठण्ण! बारवर आपटून मैदानात परत आला. आमच्या माणसानं तो दूर उडवला. लोकांच्या आरोळीनं भिंत हादरली.

शिट्टी झाली. एक-शून्य. लोक मैदानात घुसले, मिलानला खांद्यावर घेतलं. मी येड्यासारखा नाचत होतो. गावच्या वर्तमानपत्राचा माणूस आकडे लिहून निघूनही गेला. रेफरी गाडीत बसला.

“थांबा,” पॉप म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण त्या गावात तो शॉप फ्लोअरवर चाळीस वर्षं ऐकलेला आवाज होता. जवळची माणसं थांबली. पॉप खुर्ची धरून उठले होते. “या खुर्चीतून बघितलं की बार त्या पांढऱ्या विटांच्या ओळीवर बरोबर बसतो. एकवीस वर्षं बसतोय. आज तो ओळीच्या खाली आहे. कुणी हात लावलाय माझ्या गोलाला?”

मी दोन पावलं मागे सरकलो.

“सर्ज, तू पॅटर्न मेकर आहेस. ये इकडे.” त्यांनी खिशातली पट्टी काढली, उलगडली आणि माझ्या हातात दिली. “चढ खुर्चीवर. मोज.”

मी पट्टी हातात घेतली. गुळगुळीत झालेली, कडेचा शिक्का नावालाही उरला नव्हता. दोन फुटांची पट्टी, चार वेळा उतरवायची. मी खुर्चीवर चढून बारपासून खाली मोजत आलो. दोन, चार, सहा. चौथ्यांदा लावली आणि पट्टी जमिनीवर टेकल्यावर खूण बघितली. आता भोवती पन्नास-साठ माणसं जमली होती. ग्रॅनबीचे खेळाडूही होते. मिलान लोकांच्या खांद्यावरून उतरून पुढे आला होता.

“किती?” पॉपनी विचारलं.

“सात फूट दहा इंच.”

“दोन इंच कमी!” ते म्हणाले. “मी आठ केला होता. माझा गोल आठचा आहे. मग तो शेवटचा बॉल…”

सगळ्यांना समजलं होतं. बार जागेवर असता तर बॉल आत होता.

मी तोंड उघडलं. माझ्या खिशात माझा टेप होता. एक मिनिट पुरलं असतं. आजचा गोल खराखुरा आठ फुटांचा आहे, मिलानचं शून्य खरं आहे, खोटी आहे ती तुमची पट्टी. ती आजची नाही, गेल्या एकवीस वर्षांची खोटी आहे. मी टेपवर हात नेला.

“सर्ज,” मिलान म्हणाला, “पॉपची पट्टी परत दे.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे माझ्या खिशातल्या हातावर होते. त्यानं मान हलवली, जेमतेम दिसेल एवढीच. मी हात बाहेर काढला आणि पट्टी घडी करून पॉपच्या हातात ठेवली.

“पॉपचं बरोबर आहे,” मिलान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “बार खाली आहे. मी आत आलो तेव्हाच हाताला लागलं होतं. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझी. तो गोल होता.”

तो फळ्याकडे चालत गेला. एवढी माणसं, पण त्याच्या बुटांच्या खिळ्यांचा आवाज तेवढा येत होता. त्यानं शिडी लावली, वर चढला, ग्रॅनबीच्या नावाखालची शून्याची पाटी काढली आणि एकाची अडकवली. शून्य काखेत धरून खाली उतरला. ग्रॅनबीचा कप्तान म्हणाला, “अरे राहू दे ना, काय फरक पडतो?” मिलाननं नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पॉप त्याच्यापाशी गेले. मिलान त्यांच्यापेक्षा हातभर उंच. त्यांनी त्याची कॉलर नीट केली. “पण आज तुझी उडी,” ते म्हणाले, “वेळेवर होती, पोरा. मी बघितली.”

“हो, पॉप?”

“अगदी वेळेवर.”

मिलाननं दुसरीकडे तोंड फिरवलं.

माणसं पांगल्यावर तो मला गोलाच्या खांबाशी गाठायला आला. मी मान खाली घालून उभा होतो.

“जॅक वापरलास?”

“हो. मिलान, ऐक. ती पट्टी पोलादाची आहे. फुटाला पाव इंच. तो गोल मुळात…”

“आठ फूट दोन. चोवीस फूट सहा,” मिलान म्हणाला. “माहीत आहे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “केव्हापासून?”

“न्यू यॉर्कचा माणूस येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तो बॉल माझ्या डोक्यातून जाईना. हात तर पोचायला हवा होता. सकाळी टेप घेऊन आलो.” तो खांबाला टेकला. “मीही पॅटर्न मेकरच आहे, सर्ज. आकडे बघितले आणि कळलं.”

“मग त्या माणसाला फोन का नाही केलास? सांगायचंस ना, गोल मोठा होता म्हणून! सिद्ध करता आलं असतं.”

“केला होता,” तो म्हणाला. “म्हणजे नंबर फिरवला. समोरून हॅलो आलं आणि मी फोन ठेवून दिला. मोजायला माणसं आली असती. पॉप त्यांना स्वतःची पट्टी घेऊन सामोरे गेले असते.”

“आणि बारा वर्षं ते तुला सांगताहेत, उडी उशिरा मारतोस!”

“सांगू देत.”

“तू त्यांचं का ऐकून घेतलंस?” मला खरंच राग आला होता. कुणावर ते कळत नव्हतं.

मिलाननं फाउंड्रीच्या भिंतीवरच्या त्या पांढऱ्या विटांच्या ओळीकडे पाहिलं.

“माझ्याकडे बायको आहे, मुलगी आहे, हात आहेत. दुसऱ्या मैदानांवर मी काय होतो ते मला ठाऊक आहे. पॉपच्या हातचे पॅटर्न भंगारात चाललेत. शॉप चाललं. घरी कुणी नाही. त्यांच्याकडे आठ फूट आहेत, सर्ज. एवढेच आहेत.”

“मग बार खाली आहे हे कळल्यावर आज गप्प का बसलास?”

तो हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू. “बघायचं होतं. एकदाच. आठ फुटांत कसं वाटतं ते.” त्यानं वर बघितलं. “ठण्ण! ऐकलास ना आवाज? तोच बॉल होता तो. बारा वर्षांनी परत आला.”

आम्ही दोघांनी मिळून ओकच्या फळ्या पुन्हा खांबांखाली घातल्या आणि बोल्ट आवळले. मिलाननं पॉपची खुर्ची मांडून, तिच्यात बसून, एक डोळा मिटून बघितलं. बार पांढऱ्या विटांवर बरोबर बसला होता.

आमच्याकडे म्हणतात, वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. चेल्यानं वस्तादासाठी राखून ठेवलेला डाव मी त्या दिवशी पाहिला. तसा माणूस पुन्हा मला भेटला नाही.

दोन वर्षांनी पॉप गेले. मिलानही आता नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलीनं शिरोलीच्या माझ्या कारखान्याच्या पत्त्यावर एक लांबट पार्सल पाठवलं. आत पॉपची पट्टी होती आणि मिलानच्या अक्षरात चिठ्ठी: ‘सर्जला पाठवा. त्याला ही वाचता येते.’ मी ती भिंतीला टांगली आहे. माझ्या कारखान्यात तिला हात लावायची कुणाला परवानगी नाही.

गेल्या महिन्यात एका अनोळखी अमेरिकन माणसाची मेल आली. तो म्हणे बंद पडलेल्या क्लबांचा इतिहास जमवतो. विल्कॉट रोव्हर्सचं पान पूर्ण होत आलंय, फक्त शेवटचा सामना जुळत नाही. वर्तमानपत्रात एक-शून्य छापलंय. मैदान पाडण्याआधी कुणीतरी काढलेल्या फोटोत फळ्यावर एक-एक आहे. त्या दिवशी तिथं असलेलं दुसरं कुणी आता सापडत नाही. नक्की आकडा कोणता, तुम्हाला आठवतं का?

मी भिंतीवरची पट्टी काढली. खिडकीशी नेऊन भिंगातून तिची कड पाहिली. तिरप्या उजेडात शिक्क्याचा एक अगदी पुसट ओरखडा दिसला, शोधणाऱ्यालाच दिसेल असा. पट्टी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि उत्तर लिहायला बसलो.

‘एक-एक,’ मी लिहिलं. ‘फळ्यावरचं बरोबर आहे. बार दोन इंच खाली होता. मी स्वतः मोजला.’